वसुलीचे फोन आले तर

मेळघाटातून आलेली, सक्करदऱ्यात घरकाम करणारी एक कोरकू ताई मध्यंतरी आमच्याकडे रडत आली. कर्ज दिराने मोबाइल ॲपवरून घेतलेले, शिव्या मात्र हिला. ॲपने दिराच्या फोनमधले सगळे नंबर उचलले होते. भीतीपोटी तिने एक हप्ता भरूनही टाकला. वास्तविक तिने कुठे सही केली नव्हती, ती जामीनही नव्हती. ते कर्ज तिचे नव्हतेच.

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये वसुलीचे नियम कडक केले. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही. गटातल्या बायका घेतात त्या मायक्रोफायनान्स कर्जासाठी ही वेळ ९ ते ६ आहे. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना त्रास देणे मना आहे. कर्जाच्या ॲपला फोनमधले नंबर उघडण्याचीही बंदी आहे.

तेव्हा आधी फोनची तारीख, वेळ लिहून ठेवा, मेसेज पुसू नका. कर्ज देणाऱ्या बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८. ॲपमागे नोंदणीकृत कंपनीच नसेल, तर लोकपालाचा उपयोग नाही. तेव्हा सायबर पोलीस किंवा १९३०.

मंडळीतील काही जण दयेने असे हप्ते भरतात. कृपया भरू नका, फोन वाढतात. त्यापेक्षा तक्रार लिहून द्यायला सोबत बसा. खरे कर्ज असेल तर मुदत वाढवून मागण्याचा अर्जही लिहून द्या.

ताईने दिराला सोबत नेऊन सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. फोन अजून येतात. ती उचलत नाही, वेळ लिहून ठेवते.