रूट कॅनाल झाले, पण कॅप राहिली

दाढ दुखायची थांबली की आपण दवाखान्याचा रस्ता विसरतो. मीही विसरलो. खालच्या डाव्या दाढेचे रूट कॅनाल झाले, ठणका गेला. डॉक्टर म्हणाले, "आता पंधरा दिवसांत कॅप बसवून घ्या." त्याच महिन्यात मुलीची कॉलेजची फी भरायची होती. दुखत तर नाही, मग घाई कसली, असे मनात म्हटले. सहा महिन्यांनी भाजलेले चणे खाताना कट्‌कन आवाज झाला. दाढ उभी चिरली होती आणि चीर थेट मुळापर्यंत गेली होती. दाढ काढावी लागली. दिवसभर दुसऱ्यांची बिले तपासणाऱ्या कारकुनाचा घरचा हिशेब असा चुकला.

वाचक बंधू-भगिनींनो, दाढ का फुटली ते समजून घ्या. रूट कॅनाल करताना किडलेला भाग खरवडून काढतात आणि नसेपर्यंत पोहोचायला वरून भोक पाडतात. उरतात त्या पातळ भिंती. मध्ये सिमेंट भरले तरी चावण्याच्या जोराने या भिंती बाहेर फाकतात. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात, तशी कॅप या भिंतींना बाहेरून आवळून धरते. पुढचा दात बराचसा शाबूत असेल तर नुसत्या भरण्यावर भागू शकते. दाढेचे तसे नाही.

कॅपसाठी दात वरून आणि चारी बाजूंनी साधारण एक ते दोन मिलिमीटर घासतात, माप घेतात आणि लॅबमध्ये कॅप बनवायला देतात. तोवर तात्पुरती कॅप लावतात. ती निघाली तर लगेच जावे, नाहीतर आजूबाजूचे दात सरकतात आणि खरी कॅप बसत नाही. कॅप बसवताना रंगीत कागद चावायला देतात. थोडी जरी उंच लागली तरी तिथेच सांगा. आपली माणसे मोर्चात घसा फोडून बोलतात, पण डॉक्टरांच्या खुर्चीत गप्प बसतात!

नुसत्या धातूची कॅप सर्वांत स्वस्त. धातूवर चिनी माती चढवलेली त्याहून महाग, आणि झिर्कोनियाची आणखी महाग. मागच्या दाढेला धातूची काय वाईट? ती मजबूत असते, दातही कमी घासावा लागतो. मात्र खोटे दागिने घातल्यावर ज्यांना खाज सुटते त्यांनी डॉक्टरांना आधी सांगावे, कारण काही कॅपांत निकेल असते.

कॅप घातली की कीड लागत नाही, हा गैरसमज आहे. कॅप किडत नाही, पण तिच्या कडेखालचा दात किडतो. हिरडीलगतची ती रेघ रोज ब्रशने साफ केली पाहिजे. आमच्या चाळीतल्या एका मावशी वर्षानुवर्षे मिश्री लावतात. हलणाऱ्या दाढेला कॅप लावा म्हणून त्या हटून बसल्या होत्या. डॉक्टरांनी समजावले, मावशी, पायाच ढिला आहे, वर पत्रे टाकून घर टिकेल का? आधी हिरड्यांवर उपचार करा आणि मिश्री सोडा. मावशींनी उपचार सुरू केले, मिश्रीचे अजून चालूच आहे.

लहान मुलांच्या दुधाच्या दाढाही दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत लागतात. त्या फार किडल्या तर तयार स्टीलची कॅप बहुधा एकाच बैठकीत बसते. पडायच्या वेळी दाढ कॅपसकट पडते.

खासगी खर्च झेपत नसेल तर मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. पैसे बरेच कमी लागतात, खेपा मात्र जास्त होतात. खाड्याचाही हिशेब धरावा. कुठेही जा, रूट कॅनालच्या खुर्चीत बसण्याआधी कॅपसह एकूण किती, हे विचारून घ्या. मी नेमके तेच विचारले नव्हते.

माझ्या मोकळ्या जागेवर आता तीन दातांचा पूल बसवायचा, तर शेजारचे दोन धडधाकट दात घासावे लागणार आहेत. एका कॅपचे पैसे वाचवायला गेलो, आता तीन कॅपांचे भरायचे. पुढच्या आठवड्यात रजा टाकून नायरला जाणार आहे.