स्त्रीबीजाचे वय

शिक्षण, नोकरी आणि घराचे हप्ते यांच्या धांदलीत तिशी कधी ओसरली ते कळले नाही, आणि आता सदतीस-अडतिसाव्या वर्षी आयव्हीएफच्या दवाखान्याची पायरी चढावी लागत आहे, अशा स्त्रिया आज पुष्कळ भेटतात. शास्त्र इतके पुढे गेले असताना वयाची ती काय मातब्बरी, अशी त्यांच्यापैकी अनेकींची प्रामाणिक समजूत असते. आणि ही समजूत वेळीच दूर करणे हे, माझ्या मते, त्यांचे हित चिंतणाऱ्या प्रत्येकाचे पहिले कर्तव्य होय.

पुरुषबीज आयुष्यभर नव्याने निर्माण होत राहते. स्त्रीबीजांचा साठा मात्र जन्मतःच ठरलेला असतो. जन्मवेळी सुमारे १० ते २० लक्ष असलेली बीजे वयात येईपर्यंत ३-४ लक्षांवर येतात आणि पस्तिशीनंतर हा क्षय अधिकच वेग धरतो. संख्येहूनही गंभीर प्रश्न गुणाचा आहे. बीज जितके जुने, तितकी त्यातील गुणसूत्रांची वाटणी चुकण्याचा संभव अधिक. म्हणूनच डाउन सिंड्रोम असलेले मूल जन्मण्याचे प्रमाण तिसाव्या वर्षी हजारात एकाच्या आसपास, तर चाळिसाव्या वर्षी शंभरात एकाच्या घरात असते, आणि गर्भपातही वाढतात. एएमएच ही रक्ततपासणी शिल्लक साठ्याचा अंदाज देते, त्याच्या गुणाचा नव्हे.

पस्तिशीनंतर सहा महिन्यांत दिवस न राहिल्यास, आणि चाळिशी गाठली असेल तर तेवढेही न थांबता, डॉक्टरांकडे जावे, असा वैद्यकाचा दंडक आहे. आपल्याकडे मात्र नवस-सायासांत वर्षे जातात, सुनेच्याच तपासण्यांवर तपासण्या होतात, आणि जवळजवळ निम्म्या जोडप्यांत दोष पूर्णतः वा अंशतः पुरुषाकडे असतानाही, वीर्यतपासणीसारखी स्वस्त व वेदनारहित गोष्ट सर्वांत शेवटी, तीही नाइलाजाने केली जाते. ज्या स्त्रीला एकेक महिना मोलाचा आहे, तिच्यावर हा उघड अन्याय आहे.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा साऱ्या देशाला कौतुक वाटले. पण आयव्हीएफचे हे तंत्र मुळात गर्भनलिका बंद असलेल्या स्त्रियांसाठी योजलेले होते. नलिकेचा अडथळा ते ओलांडते, काळाचा नाही.

उपचाराचे दिवस घरात कसे जातात, हे बाहेरच्यांना क्वचितच ठाऊक असते. फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी इंजेक्शनांचा खोका ठेवलेला असतो. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी, कुकरची शिट्टी होत असताना, पोटाची कातडी चिमटीत धरून ती सुई स्वतःच टोचून घ्यावी लागते. असे दहा-बारा दिवस. मधूनमधून सकाळी ऑफिसपूर्वी सोनोग्राफी. मग शेवटचे इंजेक्शन, तेही घड्याळ लावून, कारण त्यानंतर सुमारे ३६ तासांनी बीजे काढायची असतात. चाळिशीजवळ ती थोडीच हाती लागतात. त्यांतून फलित होणारी, आणि पाचव्या दिवसापर्यंत तगणारी, त्याहून थोडी. गर्भ आत सोडल्यावर रक्ततपासणीपर्यंतचे दोनेक आठवडे तर सर्वांत कठीण.

दवाखान्याच्या फलकावरील यशाची टक्केवारी पाहून भुलू नये. आपल्याच वयाच्या, स्वतःचेच बीज वापरलेल्या किती स्त्रियांनी मूल घरी नेले, हे भीड न बाळगता विचारावे. गर्भ राहणे आणि मूल जन्मणे यांत या वयात बरेच अंतर असते. स्वतःच्या बीजाने यश न आल्यास दात्री स्त्रीचे बीज घेण्याची मुभा २०२१ च्या कायद्याने दिली आहे. दात्री २३ ते ३५ वर्षांची असावी आणि तिने आयुष्यात एकदाच बीजदान करावे, असे त्यात बंधन आहे. तो मार्ग पत्करायचा, दत्तकाचा विचार करायचा, की येथेच थांबायचे, याची चर्चा पैसा आणि शरीर दोन्ही थकण्यापूर्वी, शांत मनाने व्हावी. कायदा लेखी संमतीवाचून या उपचारास परवानगी देत नाही, आणि त्या संमतिपत्रावर सह्या पती-पत्नीच्या लागतात, सासर-माहेरच्या वडीलधाऱ्यांच्या नव्हेत.