एका गुणापुरते ध्येय

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला, की आपल्या धर्मग्रामातील काही घरांत पेढे वाटले जातात आणि काही घरांत त्या रात्री कोणी धड जेवत नाही. ‘पहिला नंबर आलाच पाहिजे,’ हे शब्द मुलाने वर्षभर ऐकलेले असतात. तो आला नाही, म्हणजे आपण कवडीमोलाचे, असे त्या कोवळ्या जिवाला वाटू लागते. ध्येय हवेच, परंतु कोणते ध्येय मनाला बळ देते आणि कोणते मन खचवते, याचा विचार आपण क्वचितच करतो. या बाबतीत टेनिसच्या खेळापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

टेनिस हा काही आपल्या खेड्यांतला खेळ नव्हे. जाळीच्या दोन बाजूंना दोघे खेळाडू, हातांत रॅकेट आणि मध्ये एक चेंडू. एकेरी सामन्यात शेजारी जोडीदार नसतो. चूक झाली, तर ती सर्वस्वी आपलीच. त्यातून चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो थोडाच वेळ. एक गुण संपला, की पुढचा सुरू होईपर्यंत नियमाने २५ सेकंद मिळतात. मन मोडते ते बहुधा याच २५ सेकंदांत, आणि सावरते तेही याच वेळात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जिम लोहर यांनी या मधल्या वेळाचाच बारकाईने अभ्यास केला. उत्तम खेळाडू झाल्या चुकीकडे पाठ फिरवतो, श्वास संथ करून अंग सैल सोडतो, पुढचा चेंडू कसा खेळायचा हे ठरवतो, आणि मगच आपल्या ठरलेल्या पद्धतीने खेळास उभा राहतो, असे त्यांना आढळले.

स्वित्झर्लंडचा विख्यात खेळाडू रॉजर फेडरर याने २०२४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात स्वतःचा हिशेब सांगितला. १५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ८० टक्के सामने त्याने जिंकले. गुण मात्र अवघे ५४ टक्के! म्हणजे इतका थोर खेळाडूही जवळजवळ निम्मे गुण हरतच होता. इतकेच नव्हे, तर २०१९ च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात त्याने २१८ गुण मिळवले, जोकोविचने २०४. आणि तरीही विजय जोकोविचचा झाला. निकाल आपल्या मुठीत नसतो, याहून स्पष्ट दाखला कोणता हवा?

म्हणून जाणते शिक्षक ध्येयाच्या तीन पायऱ्या करतात. ‘मी स्पर्धा जिंकीन,’ ही निकालाची पायरी. ती प्रतिस्पर्ध्यावरही अवलंबून असते. ‘दहांपैकी सहा पहिल्या सर्व्हिस रेषेच्या आत टाकीन,’ ही स्वतःच्या कामगिरीची पायरी. तिची मोजदाद होते. ‘प्रत्येक चुकीनंतर दोन दीर्घ श्वास घेईन आणि मगच खेळेन,’ ही कृतीची पायरी; ती पाळणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. मनोबल वाढते ते या तिसऱ्या पायरीवर. असे एखादेच ध्येय वहीत लिहावे, आठवडाभर पाळावे आणि रोज संध्याकाळी तपासावे.

याचा अर्थ मोठे स्वप्न पाहू नये, असा नव्हे. गोमंतकीय वंशाचा लिअँडर पेस १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये उतरला, तेव्हा जागतिक क्रमवारीत तो पहिल्या शंभरांतही नव्हता. उपांत्य सामन्यात तो आंद्रे अगासीकडून हरला. मनगट दुखावलेले. ब्राँझपदकासाठी ब्राझीलच्या मेलिजेनीशी गाठ पडली आणि पहिला सेटही ३-६ असा गेला. निकालाकडेच डोळे लावून बसणारा येथे खचला असता. लिअँडरने पुढचे दोन सेट ६-२, ६-४ असे जिंकले. १९५२ साली कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझपदक मिळवले होते. त्यानंतर ४४ वर्षांनी भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक लाभले.

वाचकहो, आपल्या धर्मपरंपरेस ही वाट नवी नाही. संत इग्नेशियस लोयोला यांनी चारशेहून अधिक वर्षांपूर्वी हेच शिकवले. एकच दोष निवडावा, सकाळी उठताच त्याविषयी निश्चय करावा, दुपारी व रात्री आपण कितीदा घसरलो ते ठिपक्यांनी नोंदवावे, आणि आजची ओळ कालच्या ओळीशी ताडून पाहावी. ठिपके पाहून रडत बसण्यासाठी ही नोंद नाही. पुन्हा उठण्यासाठी आहे. संत पौलानेही ख्रिस्ती जीवनाला शर्यतीची उपमा दिली, ती उगाच नव्हे.

तेव्हा आईबापांनो, मूल शाळेतून किंवा मैदानावरून घरी आले, की ‘कितवा आलास?’ असे विचारण्याआधी ‘आज जे ठरवले होतेस, ते पाळलेस का?’ असे विचारून पाहा. त्याने ते पाळले असेल, तर हरूनही त्याला शाबासकी द्या. पाळले नसेल, तर उद्याचा दिवस आहे. मोठे स्वप्न परमेश्वराच्या चरणी ठेवावे आणि आपण पुढचा एक चेंडू नीट खेळावा. यश येवो वा न येवो, असे मूल निकालाच्या रात्री उपाशी निजणार नाही.