प्राथमिक शिक्षकांची विज्ञानविषयक अर्हता : पदवी आणि पात्रता यांतील अंतर

प्रस्तावना

प्राथमिक शाळेतील विज्ञानाध्यापनाची चर्चा सुरू झाली की ‘बहुतेक शिक्षक विज्ञान शाखेचे नसतात’ हे विधान हमखास पुढे येते. वरिष्ठ महाविद्यालयांतील प्राध्यापकवर्गात तर प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या कच्च्या पायाचे कारण म्हणून ते नेहमीच ऐकू येते. या विधानात तथ्य आहे. मात्र त्यातून काढला जाणारा ‘विज्ञान पदवीधर नेमले की प्रश्न सुटेल’ हा निष्कर्ष तपासून पाहण्याजोगा आहे. शिक्षकाची विज्ञानविषयक अर्हता म्हणजे नेमके काय, कायद्याने ती कशी ठरविली आहे आणि वर्गात प्रत्यक्षात कोणत्या ज्ञानाची गरज पडते, या तीन मुद्द्यांचा विचार प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या संदर्भात केला आहे.

कायद्याने ठरविलेली अर्हता

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील कलम २३ अन्वये राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी शिक्षकांच्या किमान अर्हतेची अधिसूचना काढली. या अधिसूचनेने प्राथमिक शिक्षणाचे दोन स्तर पाडले आहेत.

पहिली ते पाचवीसाठी उच्च माध्यमिक परीक्षेत किमान ५० टक्के गुण, प्राथमिक शिक्षणातील दोन वर्षांची पदविका आणि शिक्षक पात्रता परीक्षेतील यश, अशी मुख्य अट आहे. बारावी कोणत्या शाखेतून उत्तीर्ण व्हावी, याचे बंधन नाही. सहावी ते आठवीसाठी पदवी, अध्यापनाची पदविका अथवा बी. एड. आणि पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर आवश्यक आहे. शिवाय अधिनियमाच्या अनुसूचीनुसार या स्तरावर विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक असणे बंधनकारक आहे.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिल्या स्तरावर ‘विज्ञान शिक्षक’ असे पदच नाही. साठपर्यंत पट असलेल्या शाळेत अधिनियमानुसार दोन शिक्षक असतात आणि पाचही इयत्तांचे सर्व विषय त्या दोघांनाच शिकवावे लागतात. तेथे विज्ञान हे परिसर अभ्यासाच्या अंगाने येते. दुसऱ्या स्तरावर विज्ञान शिक्षक आहे, परंतु तो ‘विज्ञान व गणित’ असा जोडशिक्षक आहे.

शाखा आणि विषयज्ञान

या जोडपदातच पहिली अडचण दडलेली आहे. आपल्याकडे अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक विषय सोडता येतो. वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराचा गणिताशी असलेला संबंध दहावीनंतर संपलेला असू शकतो, तर गणिताच्या पदवीधराने दहावीनंतर पेशी, पचनसंस्था किंवा परागण यांचा अभ्यास केलेलाच नसू शकतो. सहावी ते आठवीच्या सामान्य विज्ञानात मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, खगोल, आरोग्य हे सारेच घटक एकत्र येतात. म्हणजे कागदोपत्री ‘विज्ञान पदवीधर’ असलेला शिक्षकही अभ्यासक्रमाच्या बऱ्याच भागात शालेय ज्ञानाच्याच भांडवलावर उभा असतो.

पात्रता परीक्षा ही उणीव भरून काढते काय? दुसरा पेपर १५० गुणांचा असतो. त्यात बालविकास व अध्यापनशास्त्र आणि दोन भाषा यांना प्रत्येकी ३० असे एकूण ९० गुण, तर गणित व विज्ञान मिळून ६० गुण आहेत. खुल्या प्रवर्गासाठी उत्तीर्णतेची मर्यादा ६० टक्के, म्हणजे ९० गुण आहे. विषयनिहाय किमान गुणांची अट नाही. पहिल्या तीन विभागांत ७५ गुण मिळविणाऱ्या उमेदवाराला उरलेल्या ६० पैकी केवळ १५ गुण पुरतात आणि ते सर्व गणितातूनही येऊ शकतात. विज्ञानात जवळजवळ काहीही न येता विज्ञान शिक्षक म्हणून पात्र ठरणे अशा रीतीने नियमात बसते. शिवाय परीक्षा संपूर्णपणे बहुपर्यायी असल्याने उमेदवाराने कधी प्रयोग करून पाहिला आहे की नाही, याची तपासणी होतच नाही.

हा मुद्दा आता अधिक गंभीर झाला आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयात, सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत शिल्लक असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगितले. ज्या परीक्षेवर शिक्षकांची नोकरी अवलंबून राहते, ती परीक्षा नेमके काय मोजते हा प्रश्न त्यामुळे केवळ शास्त्रीय चर्चेचा राहिलेला नाही.

पदवी पुरेशी का नाही

आता दुसरी बाजू पाहू. शिक्षकाकडे विज्ञानाची उत्तम पदवी आहे असे मानले, तरी अध्यापन आपोआप सुधारते असे नाही. १९८७ च्या ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ या माहितीपटात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाच्या वेळी पदवीधरांना आणि प्राध्यापकांना ‘ऋतू कशामुळे होतात?’ असे विचारण्यात आले. बहुसंख्यांनी पृथ्वी-सूर्य अंतराचे चुकीचे कारण दिले. बालपणी बनलेली कल्पना उच्च शिक्षणाच्या थराखाली तशीच टिकून राहू शकते, हे त्यातून दिसून आले.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये विषयाचे ज्ञान आणि अध्यापनाचे सामान्य ज्ञान यांखेरीज एका तिसऱ्या प्रकाराकडे लक्ष वेधले. विशिष्ट आशय विशिष्ट वयाच्या मुलांपर्यंत पोहोचविण्याचे ज्ञान असे त्याचे वर्णन करता येईल. मुलांना कोठे अडेल, त्यांच्या मनात आधीच कोणती कल्पना असेल आणि कोणत्या उदाहरणाने ती हलेल, हे जाणणे म्हणजे हे ज्ञान होय.

एक साधे उदाहरण घेऊ. स्टीलच्या पेल्यात बर्फाचे पाणी ठेवले की पेल्याच्या बाहेरून थेंब जमतात. ‘हे पाणी कोठून आले?’ असे विचारल्यास अनेक मुले ‘आतून पाझरले’ असे उत्तर देतात. हे उत्तर चुकीचे असले तरी अडाणीपणाचे नाही. घरातला मातीचा माठ खरोखरच पाझरतो आणि बाहेरून ओला असतो. मुलाने अनुभवाच्या आधारे केलेले ते सुसंगत अनुमान आहे. पदवीधर शिक्षक ‘याला संघनन म्हणतात’ असे सांगून पुढे गेला, तर मुलाच्या वहीत शब्द उतरतो. मनात माठ तसाच राहतो.

मुलाची कल्पना ओळखणारा शिक्षक पेल्यातील पाण्यात रंग टाकेल. बाहेरचे थेंब रंगहीन निघाले की ‘आतून पाझरले’ या उत्तराला तडा जातो. झाकण लावलेला पेला तराजूत तोलून ठेवला, तर थेंब जमल्यावर त्याचे वजन किंचित वाढलेले आढळते. म्हणजे पाणी बाहेरून आले. कोरड्या उन्हाळ्यात थेंब उशिरा जमतात आणि पावसाळ्यात लगेच, ही नोंद घेतली की हवेतील बाष्पापर्यंत मुले स्वतः येऊन पोहोचतात. या अध्यापनासाठी लागणारे शास्त्रीय ज्ञान शालेय पातळीचेच आहे, पण ते पक्के हवे. त्याहून अधिक लागते ती मुलाचे ऐकून घेण्याची आणि प्रयोग करून पाहण्याची सवय.

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी बी. एड. धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरविणारी २०१८ ची अधिसूचना रद्दबातल मानली. त्यामागील तत्त्वही याच्याशी मिळतेजुळते आहे. लहान मुलांना शिकविणे हे वेगळे कौशल्य असून बी. एड. ही वरची अर्हता असल्याने त्यात ते आपोआप येते असे धरून चालत नाही, हे त्या निर्णयाने अधोरेखित केले.

दोन अनुभव

पदवीची अट न घालताही विज्ञानाचे शिक्षक घडविता येतात, याचा भारतातील सर्वांत ठळक दाखला म्हणजे मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. किशोर भारती आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ मध्ये तत्कालीन होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत तो सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभरातील सहावी ते आठवीच्या वर्गांत पोहोचला आणि १९८२ नंतर ‘एकलव्य’ संस्थेने त्याची धुरा वाहिली. शिक्षक नेहमीचेच, शासकीय शाळांतील होते. विद्यापीठांतील व संशोधन संस्थांतील वैज्ञानिक त्यांच्यासमवेत बसून प्रत्येक प्रयोग करीत. उन्हाळी प्रशिक्षण, मासिक बैठका, शाळाभेटी आणि पुस्तक उघडे ठेवून द्यावयाची परीक्षा ही त्याची अंगे होती. राज्य शासनाने २००२ मध्ये कार्यक्रम बंद केला. तथापि तीन दशकांच्या या कामाने दाखवून दिले की शिक्षकाची पात्रता नेमणुकीच्या दिवशी संपत नाही, ती सेवाकाळात वाढविता येते.

मुंबईत १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिक स्तरासाठी ‘स्मॉल सायन्स’ ही पुस्तकमाला तयार केली. तिचा भर माहिती सांगण्यापेक्षा मुलांनी निरीक्षण, कृती आणि चर्चा करण्यावर आहे. विज्ञान शाखेचा नसलेल्या शिक्षकालाही अशा साहित्याचा आधार मिळू शकतो.

महाविद्यालयांची भूमिका

वरील विवेचनावरून स्तरनिहाय भूमिका घेणे उचित ठरेल. पहिली ते पाचवीसाठी विज्ञान पदवीचा आग्रह अनाठायी आहे. तेथे पदविका अभ्यासक्रमातच परिसरातील विज्ञान प्रयोगांसह पक्के व्हावयास हवे. सहावी ते आठवीसाठी विषयाचा पाया अपरिहार्य आहे. तेथे पात्रता परीक्षेत विज्ञानासाठी स्वतंत्र किमान गुण आणि नियुक्तीनंतर न शिकलेल्या शाखेचा पूरक अभ्यासक्रम, अशा दोन सुधारणा सुचवाव्याशा वाटतात.

यात महाविद्यालयांना करता येण्याजोगे बरेच आहे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या सहकार्याने परिसरातील एका केंद्रातील शिक्षकांसाठी आपली प्रयोगशाळा महिन्यातून एक दिवस खुली ठेवणे कोणत्याही विज्ञान महाविद्यालयास अशक्य नाही. वनस्पतिशास्त्र विभागाने गणिताच्या पदवीधर शिक्षकांना सूक्ष्मदर्शक हाताळू द्यावा, भौतिकशास्त्र विभागाने जीवशास्त्राच्या पदवीधरांसोबत विद्युत मंडले जोडावीत. पदवीच्या विद्यार्थ्यांना जवळच्या शाळेतील मुलांच्या वैज्ञानिक कल्पना नोंदविण्याचे क्षेत्रीय प्रकल्प देता येतील. त्यातून भावी शिक्षकांना मुलांचे ऐकण्याची सवय लागेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बी. एड. ही शिक्षकाची किमान अर्हता करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. या अभ्यासक्रमात आशय आणि अध्यापन एकत्र येणार असल्याने विज्ञान विभागांना शिक्षक-शिक्षणापासून यापुढे अलिप्त राहता येणार नाही.

समारोप

प्राथमिक शिक्षकाची विज्ञानविषयक अर्हता ही पदवीच्या नावात किंवा परीक्षेच्या एकूण गुणांत पूर्णपणे मावत नाही. शिकवावयाच्या आशयाची पक्की समज, स्वतः प्रयोग केल्याचा अनुभव आणि मुलांच्या कल्पनांची जाण या तीन गोष्टींनी ती सिद्ध होते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी देण्याची साधने महाविद्यालयांपाशी आहेत. तिसरी प्राथमिक शिक्षकांकडून शिकावी लागेल. प्रथम वर्षाच्या वर्गात ज्यांचा पाया कच्चा असल्याची तक्रार आपण करतो, ते विद्यार्थी ज्या शाळेतून येतात तिचे शिक्षक आपल्याच महाविद्यालयांतून गेलेले असतात. म्हणून या प्रश्नाची जबाबदारी दोन्हीकडची आहे.