अंगावर काढलेल्या दुखण्याचा हिशेब

राष्ट्रीय लोकअदालतीचा शनिवार उलटला की वर्तमानपत्रांत ठरलेली बातमी येते: इतके दावे निकाली, इतक्या कोटींची भरपाई, सोबत धनादेश देतानाचा फोटो. मोटार अपघाताचे दावे त्यात हमखास असतात. रक्कम ठरली कशी, हे मात्र बातमीत नसतं. मोडलेल्या हाडाचा एक्स-रे निघतो, बुडालेल्या पगाराचा दाखला मिळतो. ‘वेदना आणि यातना’ हेही भरपाईच्या हिशेबातलं स्वतंत्र कलम आहे, पण ते मोजायला पट्टी नाही.

सोसणारा माणूस फसतो तो इथेच.

समजा, दुचाकीवरून पडून मांडीचं हाड मोडलं, आत रॉड बसला. चार महिन्यांत गडी कामावर हजर, कारण घराचे हप्ते थांबत नाहीत. फिजिओथेरपी दोन-चारदा केली आणि सोडली. पुढे घरचा शेक आणि मेडिकलमधून बिलाशिवाय आणलेली गोळी. कोणी विचारलं तर ‘चाललंय’. दुखणं अंगावर काढलं म्हणून बायको चिडते, पण शेजारी कौतुकच करतात. विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत त्याच कौतुकाचा पुरावा करतो. कामावर कधी रुजू झालात? शेवटचा केसपेपर कधीचा? आज जिना चढूनच आलात ना? तिन्ही उत्तरं खरी आणि तिन्ही त्याच्याच विरोधात.

अमेरिकी भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांना हा घोळ युद्धात दिसला होता. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर त्यांनी गंभीर जखमी सैनिकांना विचारलं, दुखतंय का, औषध हवं का? सुमारे तीन चतुर्थांश जणांनी नको म्हटलं. त्यांच्या नसा बधिर झाल्या असतील म्हणावं, तर तेच सैनिक शिरेत सुई वेडीवाकडी टोचली की चांगले ओरडत. १९४६ साली हे निरीक्षण छापताना बीचर यांनी कारण सुचवलं ते जखमेच्या अर्थाचं. सैनिकासाठी जखम म्हणजे आघाडीवरून जिवंत सुटका. नागरिकासाठी तीच जखम म्हणजे संकटाची सुरुवात. जखमेच्या आकारावरून वेदना ताडता येत नाही, हे तेव्हापासून वैद्यकात मुरलं. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली व्याख्या सुधारली, तेव्हा टीपच जोडली की वेदना बोलून दाखवता आली नाही म्हणजे ती नाही, असं होत नाही.

दाव्याची फाइल मात्र बोललेलं, तेही कागदावर उतरलेलंच, वाचते.

न्यायालयांना हे कळत नाही असं नाही. २०१० साली सर्वोच्च न्यायालयात न्या. रवींद्रन आणि न्या. गोखले यांच्या खंडपीठाने दिलेला एक निकाल या दाव्यांत सतत पुढे येतो. डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळपास पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते; तेव्हा अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी तशीच उचलू नका, असा त्याचा रोख. तर्क बिनतोड आहे. पण त्याचीच दुसरी बाजू अशी, की दात-ओठ आवळून नोकरी टिकवणाऱ्याला पुढच्या कमाईपोटी फारसं काही मिळत नाही. त्याच्या दुखण्याला उरतं ते ‘वेदना आणि यातना’, नाहीतर जगण्यातलं सुख हरवल्याचं कलम, आणि तिथली रक्कम न्यायाधीशाच्या अंदाजावर.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ९० टक्के अपंगत्व आलेल्या एका जखमीला केवळ वेदनेपोटी १५ लाख रुपये दिले. वेदना म्हणजे काय, याचा निकालात बराच ऊहापोह आहे. चांगलंच झालं, पण तिथे यातना डोळ्यांना दिसत होत्या. लंगडत का होईना चालणाऱ्यासाठी एवढी पानं कोण लिहिणार?

खोटे दावे होतात आणि कंपन्यांचा संशय अगदीच हवेतला नाही, हेही मान्य. तरी हा संशय जास्त भोवतो तो कमी बोलणाऱ्याला. कण्हत दर महिन्याला दवाखान्यात जाणाऱ्याकडे निदान केसपेपरांची चळत असते.

लोकअदालतीत तर उलटतपासणीही नाही. आकडा पुढे येतो, ‘आता बरं आहे ना?’ विचारलं जातं, माणूस सवयीने ‘हो’ म्हणतो आणि सही होते. या निवाड्यावर अपील नाही. थंडीत मांडी ठणकायला लागते, तेव्हा तो कागद लॅमिनेट होऊन कपाटात गेलेला असतो.