पैसेवारीतले आकडे : किती खरे, किती नुसते दिसायला?

गावाची पैसेवारी निघाली की पारावर प्रश्न एकच असतो : पन्नासच्या आत की वर? २०१७ पासून राज्यात दुष्काळ ठरवताना पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती हेही पाहिलं जातं. तरी पैसेवारी काढणं थांबलेलं नाही, आणि पीक विम्याची भरपाई ठरवतानाही कापणी प्रयोगातला उतारा धरला जातो. म्हणून हा आकडा कसा वाचायचा, ते समजून घ्या.

चिठ्ठी टाकल्यासारखी शेतं निवडायची, तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा, तोलायचा. डॉ. पां. वा. सुखात्मे या मराठी संख्याशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात देशात ही पद्धत बसवायला मोठा हातभार लावला. नजरेच्या अंदाजापेक्षा ती केव्हाही बरी. पण ती थोड्या बांध्यांवरून साऱ्या शिवाराचा अंदाज बांधते, हे विसरू नका.

एक हिशेब करून पाहू. समजा, गावात चार बांध्यांत दहा मीटर बाय दहा मीटरचे तुकडे कापले. धान निघालं १८, २२, २७ आणि ३१ किलो. सरासरी साडेचोवीस किलो. असे शंभर तुकडे म्हणजे एक हेक्टर, म्हणून उतारा हेक्टरी २४.५ क्विंटल. प्रमाण उत्पन्न ४८ क्विंटल धरलं, तर पैसेवारी येते ५१.०४.

आता सांगा, त्या ‘.०४’ ला काय अर्थ आहे? एका बांधीला कालव्याचं पाणी, दुसरी धुऱ्याकडची उंचवट्याची. चार तुकड्यांत १३ किलोंचा फरक आहे. संख्याशास्त्राच्या रीतीने काढलं तर या सरासरीत सुमारे तीन क्विंटल इकडेतिकडे होऊ शकतं. पैसेवारीत तो फरक सहा पैशांचा. म्हणजे खरी पैसेवारी ४५ ही असू शकते, ५७ ही. पैशाचाच भरवसा नाही, तिथं पैशाचा शंभरावा भाग कशाला?

मग शेपूट मुळातच छाटून टाकावं का? तसंही नाही. २४.५ चे आधीच २४ केले, तर पैसेवारी बरोबर ५०. २५ केले, तर ५२. धान तेच, वावर तेच, पण गाव रेषेच्या काठावर येतं नाहीतर पार होतं. म्हणून रीत अशी : तोलताना आणि हिशेब करताना सगळे आकडे ठेवायचे, काटछाट करायची ती अगदी शेवटी, एकदाच. आणि ती कशी करायची हे निकाल पाहून नव्हे, आधीच ठरलेलं असावं.

जास्त नेमका आकडा हवा तर दशांश वाढवून मिळत नाही, कापण्या वाढवाव्या लागतात. तेही स्वस्तात नाही : चूक निम्मी करायची तर प्रयोग चौपट, दहावा हिस्सा करायची तर शंभरपट. आणखी एक दशांश खरा ठरवायला चारच्या जागी चारशे तुकडे कापावे लागतील!

तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आणि समितीतल्या मंडळींना विनंती : गावात सांगताना ‘५१.०४’ नको, ‘सुमारे ५१, चार कापण्यांवरून’ असं सांगा. कच्च्या वजनांचा तक्ता मात्र दशांशासकट जपून ठेवा.

आणि शेतकरी बंधूंनो, कापणीच्या दिवशी बांधीवर हजर राहा. तुकडा आखताना दोरी पाहा, काटा पाहा, धान ओलं की वाळलेलं ते पाहा. आकडा रेषेच्या जवळ आला तर किती प्रयोग झाले आणि त्यांत फरक किती होता, हे विचारा. पवनी असो की तुमसर, साकोली असो की लाखांदूर, भांडायचं तर दशांशावर नको, कापण्यांच्या संख्येवर भांडा.