मुंदडा प्रकरण

मुंदडा प्रकरण हे १९५७-५८ मध्ये भारताच्या लोकसभेतील प्रश्नोत्तरांतून उघडकीस आलेले आर्थिक गैरव्यवहाराचे प्रकरण होय. नव्याने स्थापन झालेल्या भारतीय आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा या कलकत्त्याच्या उद्योजकाच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर जून १९५७ मध्ये विकत घेतले. या खरेदीविषयी संसदेत विचारलेल्या प्रश्नांचे पर्यवसान न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या एकसदस्य चौकशी आयोगात झाले आणि केंद्रीय अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना फेब्रुवारी १९५८ मध्ये पद सोडावे लागले. स्वायत्त सरकारी महामंडळाच्या कारभाराबद्दल संसदेला उत्तर कोणी द्यायचे आणि मंत्र्याने सभागृहात किती सांगायचे, या दोन प्रश्नांच्या अभ्यासात हे प्रकरण आजही आधारभूत मानले जाते.

या प्रकरणाला अनेकदा 'स्वतंत्र भारतातील पहिला घोटाळा' म्हटले जाते. १९४८ चे जीप खरेदी प्रकरण त्याआधीचे असल्याने हे वर्णन काटेकोर नाही. मात्र संसदेतील प्रश्नांपासून उघड न्यायालयीन चौकशीपर्यंत आणि तेथून अर्थमंत्र्यांच्या राजीनाम्यापर्यंत सरळ पोहोचलेले हे पहिले प्रकरण होय.

पार्श्वभूमी

आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा चिंतामणराव देशमुख हे अर्थमंत्री होते. १९ जानेवारी १९५६ रोजी अध्यादेश काढून सरकारने विमा कंपन्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले आणि संसदेने केलेल्या कायद्यानुसार १ सप्टेंबर १९५६ रोजी महामंडळ अस्तित्वात आले. देशी-विदेशी विमा कंपन्या व भविष्य निर्वाह संस्था मिळून २४५ संस्था त्यात विलीन झाल्या. खाजगी विमा कंपन्यांचे मालक विमेदारांचा पैसा स्वतःच्या उद्योगांत वळवतात, हा राष्ट्रीयीकरणामागील प्रमुख आक्षेप होता. रायबरेलीचे काँग्रेस खासदार फिरोज गांधी यांनी डिसेंबर १९५५ मध्ये लोकसभेत केलेल्या भाषणात दालमिया समूहाच्या विमा कंपनीचे असेच व्यवहार मांडले होते. विमेदारांचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून जी संस्था उभारली गेली, तिच्याच निधीबद्दल एका वर्षाच्या आत शंका निर्माण झाली, हे या प्रकरणाच्या तीव्रतेचे एक कारण होते.

देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावरून जुलै १९५६ मध्ये राजीनामा दिला. त्यानंतर अर्थखाते कृष्णम्माचारी यांच्याकडे आले. १९५७ च्या अर्थसंकल्पात त्यांनी संपत्ती कर व व्यय कर हे दोन नवे कर आणले. त्या वर्षी शेअर बाजारात, विशेषतः कलकत्त्यात, मंदीचे वातावरण होते. पुढे झालेल्या खरेदीचे समर्थन याच मंदीच्या आधारे करण्यात आले.

महामंडळाच्या कायद्याचे कलम २१ येथे महत्त्वाचे आहे. सार्वजनिक हिताशी निगडित धोरणात्मक बाबींत केंद्र सरकार महामंडळाला निदेश देऊ शकते, परंतु ते लेखी असले पाहिजेत, असे त्यात म्हटले आहे. मंत्र्याला हस्तक्षेपाचा मार्ग मोकळा होता, मात्र त्याचा कागद मागे राहिला असता. मुंदडा व्यवहारात असा कोणताही लेखी निदेश नव्हता.

शेअर खरेदी

मुंदडा यांनी अल्पावधीत अनेक जुन्या ब्रिटिश कंपन्यांवर ताबा मिळवला होता. त्यासाठी घेतलेल्या कर्जांच्या बोज्यामुळे १९५७ च्या मध्यास ते अडचणीत आले. महामंडळाने ज्यांचे शेअर घेतले त्या कंपन्या पुढीलप्रमाणे: मुंबईची रिचर्डसन अँड क्रुडास, जेसप अँड कंपनी, स्मिथ स्टॅनिस्ट्रीट, ऑस्लर लॅम्प्स, अँजेलो ब्रदर्स आणि कानपूरची ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन. यांपैकी काही नावाजलेल्या होत्या, पण त्यांची आर्थिक स्थिती खालावलेली होती.

जून १९५७ च्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुंबईत वित्त खात्याचे प्रधान सचिव एच. एम. पटेल, महामंडळाचे अध्यक्ष जी. आर. कामत आणि व्यवस्थापकीय संचालक एल. एस. वैद्यनाथन यांच्या पातळीवर हा व्यवहार ठरला. शेअर बाजारातून न घेता थेट मुंदडा यांच्याकडून घेण्यात आले. गुंतवणुकीची छाननी करण्यासाठी महामंडळाची स्वतःची गुंतवणूक समिती होती. तिला या खरेदीची माहिती व्यवहार पूर्ण झाल्यानंतर मिळाली.

संसदेतील प्रश्न

भारतीय संसदेत प्रश्न विचारण्याची पद्धत दोन प्रकारची आहे. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर सदस्य पूरक प्रश्न विचारू शकतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी दिले जाते व त्यावर पूरक प्रश्न नसतात. मूळ प्रश्नाची सूचना आधी द्यावी लागत असल्याने त्याचे उत्तर खात्यातील अधिकारी तयार करतात. पूरक प्रश्न मात्र आयत्या वेळी येतो आणि मंत्र्याला विषयाची खरोखर किती माहिती आहे हे त्यातूनच दिसते. वसाहतकाळातील विधिमंडळात प्रश्न विचारण्याचा अधिकार १८९२ च्या कायद्याने आणि पूरक प्रश्नाचा अधिकार १९०९ च्या सुधारणांनी मिळाला. सतरा वर्षांच्या या अंतरातच पूरक प्रश्नाचे महत्त्व दिसून येते.

महामंडळाच्या गुंतवणुकीविषयीचा पहिला प्रश्न सप्टेंबर १९५७ मध्ये बिहारचे काँग्रेस सदस्य राम सुभग सिंह यांच्याकडून आला. वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालेल्या बातमीच्या आधारे तो विचारलेला होता. त्यावर मिळालेल्या उत्तरातून व्यवहाराचे पूर्ण चित्र सभागृहापुढे आले नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस विषय पुन्हा प्रश्नोत्तराच्या तासाला आला, तेव्हा प्रश्नकर्त्यांत फिरोज गांधीही होते. या वेळी खरेदी झाल्याचे स्पष्ट झाले. पण ती का झाली, कोणाच्या सांगण्यावरून झाली आणि भाव कसा ठरला, हे मुद्दे उरलेच.

अखेर १६ डिसेंबर १९५७ रोजी लोकसभेत या विषयावर स्वतंत्र चर्चा झाली. संसदेने स्वतः निर्माण केलेल्या देशातील सर्वांत बलाढ्य वित्तसंस्थेवर देखरेख ठेवणे हे संसदेचेच कर्तव्य आहे, या भूमिकेतून फिरोज गांधी यांनी भाषणाची मांडणी केली. त्यांनी शेअरच्या भावांची तारीखवार माहिती सादर केली आणि बाजार सावरणे हा हेतू असेल तर एकाच व्यक्तीच्या कंपन्यांचे शेअर का निवडले, असा प्रश्न उपस्थित केला. या युक्तिवादाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही आणि सरकारला चौकशीची मागणी मान्य करावी लागली.

आरोप करणारे फिरोज गांधी हे सत्ताधारी पक्षाचेच खासदार आणि पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांचे जावई होते. राम सुभग सिंह हेही काँग्रेसचेच. त्या लोकसभेत काँग्रेसला प्रचंड बहुमत होते आणि विरोधी बाके विरळ होती. अशा सभागृहात सरकारला जाब विचारण्याचे काम सत्ताधारी बाकांवरून झाले. चर्चेचा वृत्तांत देशभर पोहोचण्यास आणखी एक गोष्ट साहाय्यभूत ठरली. संसदेच्या कामकाजाचे सत्य वृत्त छापणाऱ्या वृत्तपत्रांना कायदेशीर संरक्षण देणारा १९५६ चा कायदा हा फिरोज गांधी यांनीच खाजगी विधेयक म्हणून मांडला होता.

छागला आयोग

७ जानेवारी १९५८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमण्यात आला. चौकशी जनतेसमोर व्हावी असा छागला यांचा आग्रह होता. मुंबईत झालेल्या सुनावणीला इतकी गर्दी लोटली की बाहेर थांबलेल्या लोकांसाठी ध्वनिक्षेपक लावावे लागले. महान्यायवादी एम. सी. सेटलवाड यांनी आयोगास साहाय्य केले. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगार, स्टेट बँकेचे अध्यक्ष पी. सी. भट्टाचार्य, शेअर दलाल, पटेल, कामत, वैद्यनाथन आणि खुद्द अर्थमंत्री यांच्या साक्षी झाल्या. पदावरील केंद्रीय मंत्र्याची जाहीर उलटतपासणी हे दृश्य त्या काळी अभूतपूर्व होते.

सुनावणीचा मध्यवर्ती मुद्दा एका संभाषणाभोवती फिरत होता. आपण मंत्र्यांना कल्पना देऊन त्यांच्या संमतीनेच पुढे गेलो, असे पटेल यांचे म्हणणे होते. आपण या खरेदीला मान्यता दिलेली नव्हती, असे कृष्णम्माचारी यांनी सांगितले. मुंबईतील त्या भेटींची कोणतीही लेखी नोंद नसल्याने एकाच्या शब्दाविरुद्ध दुसऱ्याचा शब्द अशी स्थिती झाली. कलम २१ मधील लेखी निदेशाची अट पाळली गेली असती, तर हा वाद उद्भवलाच नसता.

आयोगाने सुमारे महिन्याभरात, १० फेब्रुवारी १९५८ रोजी अहवाल सादर केला. बाजार सावरण्याचे कारण आयोगाने ग्राह्य धरले नाही. खरेदी व्यावसायिक तत्त्वांना धरून नव्हती आणि ती औचित्याला सोडून होती, असा निष्कर्ष काढण्यात आला. मंत्र्यांच्या बाबतीत आयोगाने संभाषणाच्या वादापलीकडे जाऊन विचार केला. व्यवहार कळल्यानंतरही त्यांनी तो रद्द ठरवण्यासाठी किंवा त्याची जबाबदारी झटकण्यासाठी काही केले नव्हते. शिवाय सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच असते. आपले अधिकारी आपल्या धोरणाविरुद्ध वागले, असे सांगून त्याला त्यांच्या आड लपता येत नाही, असे छागला यांनी नमूद केले.

अहवालाच्या शेवटी मांडलेली तत्त्वे मूळ व्यवहारापेक्षा दीर्घायुषी ठरली. स्वायत्त महामंडळांच्या कामात सरकारने हस्तक्षेप करू नये आणि करायचाच असेल तर लेखी निदेश देण्यास कचरू नये. महामंडळाच्या अध्यक्षपदी व्यापार व वित्त क्षेत्राचा अनुभव असलेली व्यक्ती असावी. सनदी सेवेतून आलेल्या अधिकाऱ्यांनी आपली निष्ठा महामंडळाशी आहे हे ओळखून वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्यांच्या दडपणाला बळी पडू नये. विमेदारांचा निधी विमेदारांच्या हितासाठीच वापरला जावा. प्रश्नोत्तरांशी थेट संबंधित तत्त्व असे: संसदीय राज्यपद्धतीत मंत्र्याने शक्य तितक्या लवकर संसदेला विश्वासात घ्यावे आणि सर्व संबद्ध माहिती तिच्यापुढे ठेवावी. तसे न केल्यास संसदेला ती माहिती इतर मार्गांनी मिळते आणि तेव्हा होणारी अडचण अधिक मोठी असते. सप्टेंबर ते डिसेंबर १९५७ या चार महिन्यांत नेमके हेच घडले होते. सव्वा कोटींची रक्कम महामंडळाच्या एकूण निधीच्या मानाने लहान होती. सप्टेंबरमध्येच सर्व माहिती सभागृहापुढे ठेवली गेली असती, तर प्रकरणाला वेगळे वळण लागण्याची शक्यता होती.

राजीनामा व नंतरच्या घडामोडी

अहवाल सादर होताच कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. या व्यवहारात त्यांचा स्वतःचा वाटा अत्यल्प असल्याची आपली खात्री आहे, असे नेहरूंनी त्यांना कळवले, तरीही राजीनामा स्वीकारण्यात आला. षण्मुखम चेट्टी, जॉन मथाई व देशमुख यांच्यानंतर पदत्याग करणारे ते स्वतंत्र भारताचे चौथे अर्थमंत्री ठरले. अर्थसंकल्प अवघ्या दोन आठवड्यांवर आला असल्याने नेहरूंनी खाते स्वतःकडे घेतले आणि २८ फेब्रुवारी १९५८ रोजी स्वतःच तो मांडला. अर्थसंकल्प मांडणारे ते पहिले पंतप्रधान होत. त्यात देणगी कर प्रस्तावित होता. मार्चमध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री झाले.

अधिकाऱ्यांच्या वर्तनाची स्वतंत्र चौकशी सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश व्हिव्हियन बोस यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने केली. मुंदडा यांना अटक होऊन पुढे शिक्षा झाली. छागला त्याच वर्षी अमेरिकेतील भारताचे राजदूत म्हणून रुजू झाले. फिरोज गांधी यांचे १९६० मध्ये निधन झाले.

महामंडळांच्या दैनंदिन कारभाराविषयीचे प्रश्न सामान्यतः दाखल करून घेऊ नयेत, पण धोरण व सार्वजनिक हित यांविषयीच्या प्रश्नांना संबंधित मंत्र्याने उत्तर द्यावे, अशी विभागणी संसदेच्या व्यवहारात रूढ झाली आहे. ही सीमारेषा प्रत्यक्षात पुसट असते. एखादी शेअर खरेदी दैनंदिन कामात मोडते की सार्वजनिक हिताच्या प्रश्नात, हे मुंदडा प्रकरणात प्रश्न विचारला गेल्यावरच ठरले. सरकारी उपक्रमांच्या कारभाराची सातत्याने तपासणी करण्यासाठी १९६४ मध्ये संसदेची सार्वजनिक उपक्रम समिती स्थापन झाली. आयुर्विमा महामंडळही तिच्या कार्यकक्षेत येते.

कृष्णम्माचारी १९६२ मध्ये मंत्रिमंडळात परतले आणि १९६३ ते १९६५ या काळात पुन्हा अर्थमंत्री होते. पटेल यांनी सरकारी सेवा सोडून गुजरातमधील वल्लभ विद्यानगर येथे शैक्षणिक कार्य केले व नंतर राजकारणात प्रवेश केला. १९७७ मध्ये जनता पक्षाच्या सरकारात तेच अर्थमंत्री झाले आणि आयुर्विमा महामंडळाविषयीच्या प्रश्नांना लोकसभेत उत्तर देण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली.